रांगायच्या आत, पावसाच्या आत

घराचं काम पुरं करायला दोन मुदती होत्या आणि दोन्ही घरातल्या कुणाच्याच हातात नव्हत्या. एक मृगाची. दुसरी माझ्या भाचीच्या पाच महिन्यांच्या मुलीची. फेब्रुवारीत ती नुकती पालथी पडायला लागली होती. मे संपता संपता ती गुडघ्यांवर उठणार आणि जमिनीवर सापडेल ते तोंडात घालणार, हे घरातल्या बायकांनी बोटं मोजून सांगून ठेवलं होतं. ‘रांगायच्या आत खालचा मजला, पावसाच्या आत कौलं,’ असा हिशेब भाचीने मांडला. गवंडीकाकांनी मान डोलावली. दोन्हींपैकी एक तरी मुदत चुकणार हे त्यांना तेव्हाच दिसलं असावं, पण काम हातात यायच्या आधी असलं कुणी बोलत नाही.

नारायण पेठेतल्या एका वाड्याचा हा उरलेला निम्मा भाग. दुसरा निम्मा चुलत घराण्याकडे, आणि मधल्या चौकावर दोघांचाही हक्क, म्हणजे तिथे खिळासुद्धा कुणाला ठोकता येत नाही. जोतं काळ्या दगडाचं, वर सागवानी खांब, खांबांवर तुळया. अशा वाड्याचं वजन लाकडी सांगाड्यावर असतं; भिंत ही दोन खांबांमधली भर. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. तेव्हा खालच्या मजल्याच्या मातीच्या भिंती बसल्या, वरचा मजला मात्र खांबांवर उभा राहिला. पुरानंतर खाली विटा आल्या, सिमेंट आलं. ऐंशीच्या दशकात दारांना, गजांना आणि भिंतींना कमरेएवढा हिरवा ऑइल पेंट लागला. नव्वदीत न्हाणीघराचं बाथरूम झालं आणि ओल लपवायला सिमेंटचा गिलावा चढला. आज तिथे हातोडा मारला की सगळ्या काळांतले ठेकेदार थराथराने बाहेर पडतात.

अशा घराचं काम काढायचं आणि तान्ह्या मुलीला घेऊन तिथेच राहायचं, हे ऐकून ज्याने त्याने एकच प्रश्न विचारला: चार महिने दुसरीकडे का जात नाही? विचारणारे बहुतेक नव्या इमारतींत राहणारे. पेठेत चार महिन्यांपुरतं घर कुणी देत नाही. अकरा महिन्यांचा करार, वर डिपॉझिट, शिवाय दुरुस्तीच्या कर्जाचा हप्ता. (त्या कर्जाच्या व्याजावर आयकरात वर्षाला जास्तीत जास्त ३०,००० रुपयांची वजावट, तीही जुन्या करप्रणालीत. घर विकत घेणाऱ्याला दोन लाखांपर्यंत. जुनं घर टिकवणाऱ्याबद्दल सरकारचं मत यावरून कळतं.) पण खरं कारण पैशाचं नव्हतं. भाचीचे सासरे, आप्पा, एका वाक्यात म्हणाले, ‘कुलूप लागलं की बिल्डर येतो.’ महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते. निम्मा वाडा रिकामा दिसला की नोटीस, वाटणीदार आणि विकसक यांची गाठ पडायला वेळ लागत नाही.

मुंबईत हीच भीती जास्त खोल आहे. गिरगाव, परळ, लालबागला ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या हजारो उपकरप्राप्त इमारती आहेत. त्यांची दुरुस्ती म्हाडाचं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ करतं. खोली सोडून संक्रमण शिबिरात गेलेल्या काही कुटुंबांची तिथे दशकं गेली, हे प्रत्येक चाळीला ठाऊक आहे. म्हणून गॅलरीत टेकू लागलेत, डोक्यावर प्लास्टर फोडणं चाललंय आणि आत पाळणा हलतोय, असं चित्र तिथे नवं नाही. कामात राहणं हा हौसेचा भाग फार थोड्यांच्या बाबतीत असतो.

मग काम आधीच का नाही उरकलं? याचं उत्तर घरात कुणी सरळ दिलं नाही. कौलं २०२४ च्या पावसातच गळत होती. तेव्हा भाचीला सातवा महिना होता. गरोदर बाई घरात असताना घराची मोडतोड करू नये, चौकट हलवू नये, असं अनेक घरांत मानतात. या घरात ते जरा जास्तच मानतात. मला त्या समजुतीची चेष्टा करायची नाही. धूळ, आवाज, उघड्या पडलेल्या जमिनी यांपासून बाईला लांब ठेवायचं, एवढा शहाणपणा तिच्यात आहे. पण या घरात त्या समजुतीने केलं ते उलटंच. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाने भाची पुढे तीन महिने कोल्हापूरला होती. घरात म्हातारी दोघं आणि भाचीचा नवरा, म्हणजे आमचे जावई. काम काढायला याहून चांगला काळ नव्हता. पण सून घरात नसली तरी ‘घरची बाई’ गरोदर, मग ओली बाळंतीण, म्हणून कौलाला हात लावला नाही. आणि बाळ घरी येऊन रांगायच्या बेतात आलं तेव्हा हातोडे आले. बाळासाठी सगळ्यांत वाईट महिने कुठले, याचा हिशेब समजुतीने चुकवला होता. पोटातलं बाळ धूळ चाटत नाही.

आता बाळाला ठेवायचं कुठे? सासूबाईंच्या मते प्रश्नच नव्हता. माजघराच्या मागे बाळंतिणीची खोली आहेच. जुन्या घरांत ही खोली असे: लहान, काळोखी, वारा लागू नये म्हणून बिनखिडकीची. शेगडीत निखारे, त्यांवर ओवा, बाळंतशेपा, वेखंड यांची धुरी, आणि माय-लेकरू सव्वा महिना आत. येणाऱ्या-जाणाऱ्यांपासून बाळ वेगळं ठेवावं, हे त्या व्यवस्थेला बरोबर कळलं होतं. धूर मात्र तिने स्वतःच आत कोंडला. या घरातली ती खोली गेली कित्येक वर्षं अडगळीची आहे. पिंपं, पाटा-वरवंटा, जुन्या अंकांचे गठ्ठे. भिंतींना खालून हातभर लोणा लागलेला. हात फिरवला की पांढरी भुकटी निघते. भाचीने दार उघडलं, वास घेतला आणि बंद केलं.

तिने निवडली वरच्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली, पश्चिमेला दोन खिडक्यांची. तिचं तर्कशास्त्र असं: पुण्यात उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेकडून येतो. तेव्हा बाळ वाऱ्याच्या तोंडाशी आणि काम वाऱ्याच्या शेपटीशी. मागच्या खोल्यांचं काम सुरू असताना त्यांच्या खिडकीत टेबलफॅन उलटा ठेवायचा, तोंड बाहेर. तो खोलीतली हवा बाहेर फेकतो, म्हणून दाराच्या फटीतून हवा आत ओढली जाते आणि धूळ घरभर पसरायच्या ऐवजी मागच्या बोळात जाते. दारावर ओली चादर. जिना आणि कामाची खोली यांच्यामध्ये जाड प्लास्टिक, कडेने चिकटपट्टी. कामाच्या चपला आतल्या जिन्यावर आणायच्या नाहीत. यातलं एकही महाग नाही, पण सगळं रोज पाळावं लागतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी गरम होतंय म्हणून फॅन आत फिरवतो.

झाडूवर बंदी आली तेव्हा घरात खरं भांडण झालं. झाडू मारला की बारीक धूळ तासन् तास तरंगते आणि फिरून जमिनीवर बसते. साधा व्हॅक्यूम क्लीनरही तिला मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो. त्यासाठी हेपा फिल्टर लागतो, जो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. ओला भुसा पसरून गोळा करणं आणि मग दोन पाण्यांनी पुसणं, हा जुन्या शाळांतल्या शिपायांचा उपाय मात्र अजून चोख चालतो. सासूबाईंना सकाळी झाडू न मारलेलं घर पारोसं वाटे. शेवटी तडजोड झाली: उंबऱ्याबाहेर झाडू, आत ओलं फडकं. लंगोटांचा प्रश्न कुणाच्या डोक्यातही नव्हता. चौकातल्या दोरीवर वाळत घातलेल्या लंगोटांवर आणि दुपट्यांवर बारीक कच बसायची, आणि बाळाच्या मांड्या लाल व्हायला लागल्यावर ते ध्यानात आलं. तेव्हापासून दोरी वरच्या खोलीत.

वरचा मजला म्हणजे सुरक्षित, असंही सगळ्यांनी धरलं होतं. धूळ खाली पडते ना? कडीपाटाच्या घरात ती खाली पडतेच. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर, त्यावर शहाबादी फरशी. मागच्या खोलीची फरशी उचलली तेव्हा फळ्यांच्या फटींतून कित्येक दशकांची माती, उंदरांच्या लेंड्या, काडेपेट्या, एक पितळी बटण, असं सगळं खालच्या स्वयंपाकघरात उतरलं. त्या दिवशी जेवण शेजाऱ्यांकडे.

आवाजाची चिंता सगळ्यांनी केली आणि तीच सगळ्यांत फुकट गेली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ब्रेकर सुरू झाला की त्या आकड्याला अर्थ उरत नाही. बाळ मात्र दोन भिंतींपलीकडे ब्रेकरच्या आवाजात झोपायचं आणि दुपारी कामगार जेवायला बसले, की त्या शांततेने जागं व्हायचं. डोळ्यांना आणि कानांना जे जाणवतं त्याचं भय माणसाला आधी वाटतं. या घरातला खरा धोका कमरेएवढ्या हिरव्या पट्ट्यात होता, आणि तो कुणाला दिसला नव्हता, कारण तो चकचकीत, धुता येणारा आणि ‘अजून पक्का’ होता.

तो लक्षात आला न्यू जर्सीमुळे. भाचीच्या मावसबहिणीने तिथे शंभरेक वर्षांचं लाकडी घर घेतलं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, आणि त्याआधीचं घर विकताना शिशाबद्दल जे माहीत असेल ते सांगावं लागतं, माहितीपत्रिका द्यावी लागते. २०१० पासून अशा घरांत पैसे देऊन रंग खरवडून घ्यायचा तर प्रशिक्षित माणूस लागतो. उघड्या ज्योतीने रंग जाळायला मनाई, धूळ न पकडणाऱ्या यंत्राने घासायला मनाई. फोनवर पुण्याचा हिरवा पट्टा बघून ती म्हणाली, ‘अगं, ते घासू नका.’

आपल्याकडे घरगुती रंगात शिसं दशलक्ष भागांत ९० हून जास्त नसावं, हा नियम २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तो कारखान्यातल्या आणि दुकानातल्या रंगाला. भिंतीवर, गजावर, पाळण्याच्या दांड्यावर आधीच बसलेल्या रंगाबद्दल त्यात काही नाही. ऑइल पेंट लवकर वाळावा, टिकावा, पिवळा-लाल-हिरवा खुलावा म्हणून शिशाची संयुगं वापरात होती. रंग अखंड असेपर्यंत तो फारसा त्रास देत नाही. काचकागद फिरला की त्याची पूड होते, पूड जमिनीवर बसते, आणि जमीन हाच रांगत्या मुलाचा देश. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पोटात गेलेल्या शिशाचा जेवढा भाग मोठ्या माणसाच्या अंगात जिरतो, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या अंगात जिरतो. रक्तात लोह कमी असेल तर आणखी. सुरक्षित असं प्रमाण कुणालाही सापडलेलं नाही. मूल आजारी दिसत नाही, ताप येत नाही, पुरळ उठत नाही. परिणाम होतो तो वाढत्या मेंदूवर. युनिसेफने २०२० मध्ये एक अहवाल काढला. त्यानुसार जगातल्या साधारण दर तीन मुलांतल्या एकाच्या रक्तात डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसं आहे. रंग हा त्यातला एकच रस्ता. जुन्या बॅटऱ्या वितळवणं, भांडी, काही मसाले हेही आहेत. (एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं घरचं काजळ यात धरू नये, ती नुसती काजळी. बाजारच्या सुरम्यात मात्र शिशाचंच खनिज असू शकतं.)

या गोष्टीचा पहिला माग अमेरिकेत लागलेला नाही. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडमधल्या ब्रिस्बेनला, जे. लॉकहार्ट गिब्सन नावाचे नेत्रतज्ज्ञ होते. शिशाची बाधा झालेली मुलं तिथल्या डॉक्टरांकडे येत होती आणि शिसं येतंय कुठून ते कळत नव्हतं. १९०४ मध्ये गिब्सननी बोट दाखवलं ते घरांच्या व्हरांड्यांकडे. उन्हाने लाकडी कठड्यांवरच्या रंगाची भुकटी होते, मुलं कठड्याला धरून खेळतात, मग अंगठा चोखतात, नखं खातात. लोकांना हे पटायला बराच वेळ लागला. १९२२ मध्ये क्वीन्सलंडने मुलांचा हात पोहोचेल अशा बाहेरच्या भागांवर शिशाचा रंग लावायला बंदी केली. लहान मुलाच्या हाताच्या उंचीवरून घर मोजणारा कायदा मला दुसरा माहीत नाही.

नारायण पेठेत त्या उंचीच्या खाली काय होतं, ते भाचीने खडू घेऊन आखलं. दारांच्या खालच्या झडपा, खिडकीचे गज, जिन्याचा कठडा, पट्टा. रंगारी आला तो काचकागदाची बंडलं आणि ब्लो लॅम्प घेऊन. ‘ताई, जाळून काढलं की एका दिवसात लाकूड मोकळं.’ जाळल्यावर शिशाची वाफ होते, हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं; तो वीस-बावीस वर्षं तेच हुंगत आलेला. ठरलं ते असं: पट्टा जिथे घट्ट आहे तिथे घासायचाच नाही, वरून नवा थर. सुटलेले पोपडे पाणी फवारून ओले असताना पत्र्याने काढायचे, खाली प्लास्टिक, आणि ते गुंडाळून गोणीत. झडपा उतरवून बाहेर न्यायच्या. रंगाऱ्याने ओल्या कामाचे जास्त पैसे मागितले. ते रास्त होते आणि दिले. घरच्यांना सर्जिकल मास्क आणि रंगाऱ्याला रुमाल, अशी सुरुवातीची वाटणी होती. पुढे त्याच्यासाठी एन-९५ आणला, तो त्याने पहिल्या दिवशी कपाळावर घातला.

मुलीच्या रक्ताची तपासणी डॉक्टरांनी कामाआधी आणि काम संपल्यावर, अशी दोनदा करायला सांगितली. पहिली झाली. आकडा मी विचारला नाही.

आणि त्या घरात आणखी एक बाळ होतं. ते कुणाच्या आराखड्यात नव्हतं. विटा वर चढवणारी बिगारी बाई कलबुर्गीकडची, तिचा नऊ महिन्यांचा मुलगा. वाड्याच्या दोन खांबांना जुनी साडी बांधून तिने झोळी केली होती, वाळूच्या ढिगापासून पाच पावलांवर. वर भाचीची मुलगी ओल्या चादरीआड, वाऱ्याच्या तोंडाशी. खाली हा, जिथे वाळू चाळली जाते, सिमेंटची पोती फुटतात आणि फरशीवाला कोरडं कटर चालवतो. फरशीच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात गेली की तिथेच राहते. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये झालेल्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तिथे. दहापेक्षा कमी माणसांच्या कामाला तो कायदाच नव्हता, आणि स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम त्याने वेगळं काढून ठेवलं होतं. मोबाइल क्रेशेस ही संस्था १९६९ मध्ये दिल्लीत सुरू झाली, पुढे मुंबई-पुण्यातही अशी पाळणाघरं निघाली, ती मोठ्या बांधकामांवर. पेठेतल्या गल्लीत, चार गवंडी आणि दोन बायका असलेल्या कामावर कुणी पोहोचत नाही. आपल्याकडची बहुतेक घरदुरुस्ती अशाच कामांवर होते.

भाचीने तिला सांगितलं, वर आणून झोपव. ती नको म्हणाली. ‘डोळ्यासमोर राहू दे, ताई.’ सासूबाईंना हायसं वाटलं आणि ते चेहऱ्यावर दिसलं, म्हणून त्या दिवसभर तिला चहा देत राहिल्या. ठेकेदाराला हा विषयच पसंत नव्हता. तो म्हणाला, असं लाडावलं तर उद्या बायका कामावर मुलं घेऊन येतील. ती आणतातच, फक्त त्याला ती दिसत नाहीत. शेवटी मूल हललं नाही, काम हललं. वाळू चाळणं आणि माल कालवणं दिंडी दरवाजाबाहेर गेलं. कटरला पाण्याची बाटली लटकवून ओली कापणी सुरू झाली. फरशीवाल्याने करंटची भीती सांगितली, ती खरी होती. म्हणून तीस मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, जो वायरिंगच्या शेवटी बसायचा होता, तो आधी बसला. जुन्या लाकडी पट्ट्यांवरच्या कापडी वायरींच्या घरात तो खरं तर पहिल्या दिवशीच हवा होता. झोळी ओटीच्या पश्चिम खांबाला गेली. यात न्याय वगैरे काही झाला नाही. वरच्या आणि खालच्या बाळातलं अंतर एका जिन्याइतकंच राहिलं, थोडी धूळ कमी झाली.

लोण्याचं काम मला सगळ्यांत आवडलं, म्हणून त्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. दगडी जोत्यातून जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं. चुन्याचा गिलावा ते श्वासासारखं बाहेर सोडतो. सिमेंटचा गिलावा वाट बंद करतो, मग पाणी आणखी वर चढतं, आणि त्यातले क्षार जिथे फुटतील तिथे पोपडे पाडतात. म्हणजे नव्वदीत ओल लपवायला जो खर्च केला त्यानेच ओल वाढवली. विश्रामबागवाड्यासारख्या जुन्या वास्तूंच्या जतनाला चुन्याची कामं करावीच लागतात, त्यामुळे पुण्यात चुन्यात हात बसलेले थोडे गवंडी अजून भेटतात. गवंडीकाका त्यांतले. त्यांनी सिमेंट ओलीच्या रेषेच्या वर फूटभर खरवडलं, भिंत उघडी ठेवून सुकू दिली आणि मग चुन्याचे पातळ थर दिले. चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून, सावकाश, महिने लागतात. कळीचा चुना विरवताना पिंप खदखदतं, आणि विरलेला चुनाही कातडी भाजतो, म्हणून विरवणं घराबाहेर, झाकण लावून. ठेकेदाराने ‘केमिकल मारू, चार दिवसांत कोरडं’ असा पर्याय दिला होता. वाळवीसाठीही त्याच्याकडे असंच औषध होतं: वास नाही, एकदम सेफ. भाचीने डब्यावरचं नाव वाचलं: क्लोरपायरिफॉस. अमेरिकेने २००० मध्ये त्याचा घरगुती वापर मुलांच्या काळजीने जवळजवळ थांबवला. वाळवी मात्र खरीच होती. मागच्या तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक हातोडीने ठोकलं तर पोकळ बोललं, आणि त्याच तुळईला पाळण्याची कडी होती. टेकू लागले, कुजलेलं टोक कापून नव्या सागवानाचा सांधा, दोन बाजूंनी लोखंडी पट्ट्या. बाकी लाकडाला बोरेटचं द्रावण ब्रशने. कडी आता पुढच्या तुळईला आहे.

या सगळ्यात दिवसाकाठी जे निर्णय होतात ते कुणी घेतले, हे कागदावर कुठेच नाही. भाचीची २६ आठवड्यांची प्रसूती रजा मार्चमध्ये संपली. मग ती घरून काम करू लागली, म्हणजे कडेवर मूल, कानात मीटिंग आणि समोर गवंडी. नळाचा पाइप कुठून न्यायचा ते ती सांगायची. ठेकेदार ऐकून घ्यायचा आणि ‘साहेबांना एकदा विचारून घेतो’ म्हणून जावयांना फोन लावायचा. जावई ऑफिसातून तेच सांगायचे जे तिने सांगितलेलं असे, आणि मग पाइप जायचा. गवंडीकाकांनी असा फोन एकदाही केला नाही. ते तिलाच विचारत, आणि तिचं पटलं नाही तर तिच्याशीच वाद घालत.

मुदतींचं काय झालं? मुलगी मेच्या तिसऱ्या आठवड्यात रांगली, पहिले काही दिवस मागे-मागे, नवीन फरशीवर. खालचा मजला तोपर्यंत झाला होता, स्वयंपाकघर सोडून. कौलांचं मात्र काही चाललं नाही. २०२५ मध्ये वळवानेच मे अर्धा धुतला, आणि २६ मे रोजी मान्सून मुंबई-पुण्यात दाखल झाला. मुंबईत १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. मागच्या खोलीवरची कौलं उतरलेली होती, वासे उघडे. निळी ताडपत्री चढली आणि चार महिने राहिली. वरच्या मजल्यावरचा ताजा चुना त्या दमट हवेत वाळायलाच तयार नव्हता. दोन ठिकाणी पुन्हा करावा लागेल.

आता नवा वाद खिडकीचा आहे. बाळंतिणीच्या खोलीला खिडकी पाडावी म्हणजे ती मुलीची खोली होईल, असं सासूबाईंनीच सुचवलं, आणि सगळ्यांना ते पटलं. पण खिडकी उघडणार चौकात. चुलत घराण्याने वकिलाची नोटीस धाडली आहे: सामाईक चौकाकडे नवीन खिडकी काढण्यास हरकत. आप्पा उत्तराचा मसुदा तिसऱ्यांदा लिहितायत. गवंडीकाका म्हणतात, कौलं आणि खिडकी एकदमच धरू, दिवाळी झाली की. दर वाढवून सांगितलाय, कारण मुलगी आता चालते, तेव्हा परांचीला खालून कुंपण घालावं लागेल आणि ते त्यांनी अंदाजपत्रकात वेगळं दाखवलं आहे.